बावीस की तेवीस?

कला शाखेच्या मुलीने तारेच्या जाडीवर लेख लिहिला हे पाहून आमच्या वर्गातल्या मैत्रिणी हसतील. वार्षिकासाठी सरांनी विषय विचारला तेव्हा मीही आधी 'पहिला पाऊस' असे सांगून मोकळी झाले होते. पण घरी येऊन लिहायला बसले तर पहिल्या पावसाबरोबर मला मृद्गंध आठवेना. आठवले ते आमच्या दुकानाचे गळके पत्रे, आणि त्यांच्याखाली फळीवर भिजलेली तांब्याच्या तारेची रिळे. त्यांतल्या एका रिळाचे लेबल त्या पाण्याने निघून गेले. त्या लेबलाने आमच्या घरात जे केले तेच सांगावे असे ठरवले.

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीला उतरून आत वळले की देवळाली प्रवरा लागते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्याकडे अजून 'नगरला जाऊन येतो' असेच म्हणतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याने हा मुलूख बागायती झाला, हे भूगोलात शिकवतात. पण कालव्याचे पाणी पाळीने येते आणि उसाला पाळी कळत नाही. म्हणून प्रत्येकाची विहीर, विहिरीवर मोटार, आणि मोटार म्हटली की ती कधी तरी जळणारच. लाइट आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. त्यात दाब कमी, मध्येच एखादा फेज गेला की मोटार घुमते, तापते आणि जळते. जळलेली मोटार आमच्या दुकानात येते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मोटार रिवाइंडिंग करतात. सत्तावीस वर्षे झाली. माझे शिक्षण, दादाचा आयटीआय आणि घरावरचा स्लॅब ही सगळी दुसऱ्यांच्या जळलेल्या मोटारींची कृपा.

रिवाइंडिंग म्हणजे काय, हे येथल्या प्राध्यापकांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे सांगते. मोटारीच्या स्टेटरला आतून खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. त्यांत तांब्याच्या तारेच्या कॉइल बसवलेल्या असतात. जळलेली तार छिनीने तोडून, ओढून काढायची. काढताना मोजायचे: एका कॉइलला टर्न किती, किती स्लॉट सोडून कॉइल बसली आहे, जोडणी कशी आहे, तार कोणत्या गेजची, आणि निघालेले तांबे वजनाने किती. मग त्याच गेजची नवी तार फॉर्म्यावर तेवढेच टर्न गुंडाळून स्लॉटमध्ये भरायची, वार्निश द्यायचे, सुकवायचे. या सगळ्याची नोंद रजिस्टरात होते. अण्णांचे शिक्षण सातवी. दादा पुण्याकडच्या एका एमआयडीसीत तारेच्याच कारखान्यात लागला, तेव्हापासून, म्हणजे मी नववीत असल्यापासून, रजिस्टर माझ्याकडे आहे. अक्षर चांगले म्हणून मला दुकानात बसवले. मुलगी दुकानात कशाला, असे म्हणणारे म्हणाले. अण्णांनी उत्तर दिले नाही, फक्त माझ्यासाठी एक स्टूल आणले.

गेज हा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. आकडा वाढला की तार बारीक होते. वीस गेजपेक्षा बावीस बारीक, बावीसपेक्षा चोवीस आणखी बारीक. मला लहानपणी हे उलटे वाटायचे. पुढे कळले की पूर्वी तार ओढणारे कारागीर ती एकेका भोकातून जितक्या वेळा ओढत, त्यावरून हे आकडे आले असावेत असे मानतात. जितके जास्त वेळा ओढाल तितकी तार बारीक. इंग्रजांनी १८८४ पासून हा तक्ता कायद्याने ठरवला. इंग्रजांनी स्वतः मिलिमीटर घेतले, आपणही घेतले, पण आमच्या फळीवर अजून त्यांचा तक्ताच चालतो. त्या तक्त्यात बावीस गेज म्हणजे ०.७११ मिलिमीटर आणि तेवीस गेज म्हणजे ०.६१० मिलिमीटर. फरक ०.१ मिलिमीटरचा. आपल्या डोक्यावरचा एखादा जाड केस जेवढा असतो, तेवढाच.

हा केसभर फरक अण्णा बोटाने ओळखत. तारेचे टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे, एकदा फिरवायचे आणि म्हणायचे, "बावीस." दुकानात स्क्रूगेज होता, पण तो डब्यात, जुन्या ब्रश आणि स्क्रूंच्या खाली. "बोटं काय भाड्यानं दिलीत का?" असे ते म्हणत. नवखे गिऱ्हाईक आले की मी मुद्दाम दोन-तीन तुकडे अण्णांच्या हातात देई आणि ते डोळे मिटून गेज सांगत. आम्हां दोघांचा तो खेळ होता. त्यात ते कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आमच्याकडे वाइंडिंग केलेल्या तीन मोटारी दीड-दोन महिन्यांत परत जळून आल्या. एक टाकळीमियाची, एक गुहाची आणि एक गावातलीच, आमच्या आळीच्या मागे राहणाऱ्या काकूंची. पहिली आली तेव्हा अण्णा म्हणाले, लाइटचा दोष. दुसरी आली तेव्हाही तेच म्हणाले, पण हळू आवाजात. काकूंची मोटार आली तेव्हा काकू मागून चालत आल्या. त्यांचे रांगड्या कांद्याचे रोप विहिरीवर होते, आणि चार दिवस पाणी न मिळाल्याने ते बसले होते. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "भाऊ, मी तुमच्या नावावर टाकली होती." आणि स्टुलावर न बसता निघून गेल्या.

त्या रात्री अण्णांनी ठरवले की तार खोटी आहे. ते दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेले. त्यांची सत्तावीस वर्षांची ओळख. दुकानदाराने आधी मान्य केले नाही, मग 'तुम्ही म्हणता तर' म्हणून एक नवे रीळ तसेच दिले. अण्णांनी गावात सांगितले की माल खराब आला होता. गावाने ते मान्य केले, कारण अण्णा खोटे बोलत नाहीत हे गावाला ठाऊक होते. अण्णा खोटे बोलतही नव्हते. त्यांचा तसा खरोखरच विश्वास बसला होता.

आता दादाच्या कारखान्याविषयी.

खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत नेतात. आई, मी आणि दादाची बायको गेलो. अण्णा आले नाहीत. दुकानातल्या हत्यारांची पूजा कोण करणार, म्हणाले. आत गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवला तो वास. आमच्या दुकानात जळलेल्या वार्निशचा वास असतो, तिथे साबणाच्या पाण्यासारखा काही तरी वास होता. तार ओढताना तिच्यावर आणि डायवर तेलपाण्याचे मिश्रण सतत सोडतात, त्याचा तो वास. करंगळीएवढी, आठ मिलिमीटरची तांब्याची सळई एका बाजूने येते आणि एकामागून एक अशा अनेक डायमधून ओढली जाते. डाय म्हणजे अतिशय कठीण वस्तूचे भोक. बारीक तारेसाठी तर हिऱ्याचे. प्रत्येक भोकाला तार थोडी बारीक होते आणि तांबे तेवढेच असल्यामुळे तेवढीच लांब होते. म्हणून शेवटच्या भोकातून ती निघते तेव्हा तिचा वेग डोळ्याला दिसत नाही. पूजा झाल्यावर नारळ फोडून त्यांनी एक लाइन चालू करून दाखवली. तार धावते आहे हे मला पटेचना. एक स्थिर, चमकणारी रेघ हवेत टांगून ठेवली आहे असेच वाटले. दादा म्हणाला, "हात लावू नकोस, सेकंदाला पंधरा-वीस मीटर जातीय."

त्या रेघेच्या वाटेत, ती रिळावर जाण्याआधी, एक पेटी होती. पेटीला मधून खाच आणि खाचेतून तार जात होती, पण तिला कशाचाही स्पर्श होत नव्हता. शेजारी संगणकाचा पडदा. पडद्यावर एकच मोठा आकडा: ०.७११. शेवटचा अंक थरथरत होता. ०.७१२, ०.७११, ०.७१०, पुन्हा ०.७११. आईने विचारले, "हे भाव आहेत का रे?" आणि सगळे हसले. मी मात्र हसले नाही. आमच्या रजिस्टरातला बावीसचा आकडा मला तिथे, एवढ्या दूर, पडद्यावर भेटला होता.

पेटीत काय आहे ते दादाने मला त्याच्या पद्धतीने समजावले. एका बाजूने प्रकाश, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा डोळा आणि मध्ये तार. तारेची सावली जेवढी रुंद तेवढी तारेची जाडी. लेसरचा किरण एका गरगर फिरणाऱ्या, अनेक पैलूंच्या आरशावर पडतो, पुढचे भिंग त्याला सरळ करते, आणि तो किरण तारेवरून झरझर वरून खाली जातो. वाटेत तारेने त्याला किती वेळ अडवले, हे मोजले की जाडी कळते. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते. काही पेट्यांत फिरता आरसा नसतो, कॅमेऱ्यात असतो तसा पडदा सावली टिपतो, तत्त्व तेच. आणि डोळे दोन असतात, एकमेकांशी काटकोनात, कारण तार गोल आहे की चपटी झाली आहे हे एका डोळ्याला कळत नाही. मला हे फार आवडले. माणसालाही एका बाजूने बघून काय कळते? पण ते असो.

मला वाटले होते की डाय झिजली की तार बारीक होत असेल. दादा म्हणाला, "उलटं. भोक झिजलं की मोठं होतं, म्हणजे तार जाड होते. बारीक होते ती ताण जास्त झाला की." पडद्यावर आकड्याखाली एक आलेख होता. मध्ये एक सरळ रेघ, वर-खाली दोन लाल रेघा, आणि त्यांच्यामध्ये नागमोडी जाणारी हिरवी रेघ. डाय झिजू लागली की हिरवी रेघ हळूहळू वर चढते. अजून लाल रेघेला लागलेली नसते, माल अजून चांगलाच असतो, पण संगणक आधीच सांगतो की चाल बदलली आहे. डाय बदलायची ती माणसानेच. संगणक नुसते सांगतो. पुढे वार्निश चढवणाऱ्या मशीनवर पुन्हा एकदा जाडी मोजतात. वायरवर प्लॅस्टिकचे वेष्टण चढवणाऱ्या कारखान्यात तर संगणक स्वतःच वेग कमी-जास्त करतो, कारण वायर जोरात ओढली की वेष्टण पातळ बसते. दादाचा एक मित्र तशा ठिकाणी आहे. त्याचे म्हणणे, तिथली खरी अडचण ही की मोजणारी पेटी थंड पाण्याच्या लांब हौदापलीकडे असते. चूक कळते तोवर ती पुष्कळ मीटर पुढे गेलेली असते.

या नागमोडी रेघेची गोष्ट नंतर मला अर्थशास्त्राच्या सरांकडून कळली. आम्हांला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन आहे, आणि ते कशासाठी शिकायचे हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली असा पहिला तक्ता काढला. कोणतीही वस्तू हजार वेळा केली तर हजार वेळा अगदी सारखी होत नाही. थोडी थरथर असतेच, आणि तिच्यामागे धावू नये. पण काही फरक त्या थरथरीचे नसतात. त्यांना वेगळे, नेमके कारण असते, आणि ते शोधलेच पाहिजे. लाल रेघा हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठी असतात. सरासरीपासून तीन प्रमाण विचलने वर आणि तीन खाली. प्रा. महालनोबीस यांच्या पुढाकाराने हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. तेव्हा त्यांनी कागदावर जे आखले ते आता संगणक आखतो, इतकेच. आपल्या वाळूजला स्टरलाइटच्या कारखान्यात टेलिफोनच्या निरोपांसाठी काचेचा तंतू काढतात. त्याची जाडी १२५ मायक्रॉन आणि त्यात एका मायक्रॉनचाही फरक फार मानतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिथे माणसाच्या बोटाने काय करावे?

पण त्या दिवशी कारखान्यात मला हे काही ठाऊक नव्हते. माझ्या मनात एकच होते. मी दादाला बाजूला घेऊन विचारले, "बावीसचं रीळ म्हणून खराब तार बाहेर जाऊ शकते का रे?"

"किती खराब?"

"मोटार जळेल इतकी."

दादाने पडद्याकडे बोट केले. "हे बघ. आम्हाला एक टक्क्याची सूट. म्हणजे सात मायक्रॉन इकडे-तिकडे. तेवढ्यानं मोटार जळत नसते. बावीसची तेवीस व्हायला शंभर मायक्रॉन कमी व्हावे लागतात. ते मशीनच्या चुकीनं होत नाही. ते..." तो थांबला. मग म्हणाला, "लेबल बदललं तर होईल. माणसाच्या हातून."

परतीच्या एसटीत आई झोपली. मला झोप आली नाही. ज्या रिळाची तार वापरली त्याला लेबलच नव्हते, ते पावसात निघाले होते, हे मला आठवले. मग ते फळीवरून कोणी उचलले, कसे ओळखले? आणि दुसरे एक आठवले. श्रावणात काम करताना अण्णा एकदा खुशीत म्हणाले होते, "आजकाल हात चांगला बसतोय. तार कशी सरसर जातीय स्लॉटात." स्लॉट तेवढाच आणि टर्न तेवढेच असताना तार सरसर का गेली असेल?

घरी पोचल्यावर मी दिवा लावून रजिस्टर काढले. टाकळीमियाची मोटार: निघालेले तांबे २ किलो ५०० ग्रॅम, भरलेली तार १ किलो ८५० ग्रॅम. गुहाची: ३ किलो २०० निघाले, २ किलो ३५० भरले. काकूंची: १ किलो ९०० निघाले, १ किलो ४०० भरले. मी गुणाकार-भागाकार करून पाहिले. तिन्हीत रुपयातले चार आणे तांबे कमी. जाडी ०.७११ वरून ०.६१० झाली की तारेचा छेद साधारण तेवढाच कमी होतो. जाडीचा वर्ग करावा लागतो, म्हणून केसभर फरकाचे चार आणे होतात. तांबे कमी म्हणजे विजेला वाट अरुंद, आणि त्याच प्रवाहाला उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मोटार दीड महिना टिकली हेच नवल.

हे आकडे कोणाच्या लक्षात का आले नाहीत? बिल तारेच्या वजनावर असते, आणि बिल कमी आले म्हणून गिऱ्हाईक तक्रार करत नाही. अण्णा फक्त शेवटची रक्कम विचारत. आणि आकडे लिहिले होते मी. निळ्या शाईत, माझ्या ज्या अक्षराचे सगळे कौतुक करतात त्या अक्षरात. निघालेल्या आणि भरलेल्या तांब्याचे रकाने एकमेकांशेजारी होते. मी तीन वेळा ते शेजारी-शेजारी लिहिले आणि तीन वेळा पान उलटले. कारखान्यातल्या त्या संगणकाला जेवढे कळते तेवढे मला कळायला कोणी बंदी केली नव्हती.

मी डब्यातून स्क्रूगेज शोधला, पुसला, जबडे मिटून शून्य जुळते का ते पाहिले. बिनलेबलाच्या रिळाची तार कापून काडीने तिचे वार्निश जाळले, फडक्याने पुसले. ०.६१.

आता हे अण्णांना सांगायचे की नाही, हा माझा प्रश्न होता, आणि तो मी आठ दिवस सोबत घेऊन कॉलेजला येत-जात होते. सांगितले नाही तर काही बिघडणार नव्हते. तीन मोटारी नव्या रिळातून पुन्हा भरल्या होत्या, अर्ध्या मजुरीत. गावाने दोष तारेला दिला होता, आणि तार बनवणाऱ्याला गावात तोंड नव्हते. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "गप बस. सत्तावीस वर्षांचं नाव आहे त्यांचं." तोच दादा, जो रोज सात मायक्रॉनसाठी लाइन थांबवतो! मी त्याला तसे म्हणाले. त्याने फोन ठेवला.

नवव्या दिवशी काही न ठरवताच गोष्ट घडली. अण्णा मोटारीची टोके झाळत होते. तापलेली झाळणी त्यांच्या अंगठ्याला लागली आणि ती तशीच लागून राहिली. त्यांना कळले नाही. मी ओरडले, तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिले. कातडी पांढरी झाली होती. मग मला त्यांच्या अंगठ्यावरचे आणि बोटांवरचे जुने डाग दिसले. चार-पाच तरी होते. अण्णांना सात वर्षांपासून साखर आहे.

मी काही बोलले नाही. रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवले आणि तीन ठिकाणी बोट ठेवले. त्यांना हिशेब समजावून सांगावा लागला नाही. तांब्याचे वजन त्यांना माझ्याहून चांगले कळते. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "स्क्रूगेज आण." स्वतः मोजले. मग म्हणाले, "दोन तुकडे दे. सांगू नको कुठला काय."

मी दिले. त्यांनी डोळे मिटले. चिमटीत तार फिरवली, दुसरी फिरवली, पुन्हा पहिली घेतली. तो आमचा जुना खेळ होता आणि तो संपू नये असे मला वाटत होते. त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"वर्ष झालं, पोरी. रबर लावल्यासारखं वाटतं बोटांना. मला वाटलं, सवयीनं भागल."

दुसऱ्या दिवशी ते दुकानदाराकडे जाऊन फुकट मिळालेल्या रिळाचे पैसे देऊन आले. तिन्ही घरी स्वतः गेले आणि चूक तारेची नव्हती, माझी होती, असे सांगून दुसऱ्या वेळची मजुरीही परत केली. टाकळीमियाच्या माणसाने चहा पाजला. गुहाच्या माणसाने पैसे मोजून घेतले आणि आता मोटार दुसरीकडे नेतो. त्याचे काही चूक नाही. काकूंकडे अण्णांबरोबर मी गेले होते. काकूंनी पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या, रोप तर गेलंच. अण्णांनी ते पैसे देवळीत ठेवले आणि आम्ही निघालो. त्या महिन्यात तांबे उसने आणावे लागले. पोळ्यापूर्वी महिन्याला येत तेवढ्या मोटारी अजून येत नाहीत, हेही खरे आहे.

दादाने दिवाळीच्या बोनसमधून आकडे दाखवणारा नवा मायक्रोमीटर पाठवला. फोनवर त्याने सांगितले, "यात वाचायला काही नाही, नुसतं बटण." तो मायक्रोमीटर खोक्यासकट देवाच्या फळीवर आहे. अण्णा जुनाच वापरतात, पण आकडा वाचायला त्यांना उजेड आणि चष्मा दोन्ही पुरत नाहीत. कॉलेज सुटून मी बसने दुपारी अडीचला पोचेपर्यंत ते नवी तार सुरू करत नसत. गिऱ्हाईक थांबून राही. एवढ्यासाठी काम अडते म्हणून परीक्षेच्या आधी मी आईला स्क्रूगेज वाचायला शिकवला. आई शाळेत गेलेली नाही, पण बसचे नंबर आणि पैसे तिला वाचता येतात. दट्ट्यावरच्या रेघा मोजायच्या, मग फिरत्या भागावरचा आकडा. तीन दिवस चुकली. चौथ्या दिवशी तिने मला वाचून दाखवले आणि विचारले, "त्या कारखान्यात ते थरथरत होतं, ते हेच का?" मी हो म्हणाले.

आजही निघताना पाहिले. अण्णांनी नव्या रिळाचे टोक चिमटीत धरले, सवयीने एकदा फिरवले आणि म्हणाले, "बावीस." आईने काडी ओढून वार्निश जाळले, पदराने तार पुसली, स्क्रूगेज दाराच्या उजेडाला धरला आणि ओठ हलवत रेघा मोजल्या.

"सात आणि एक," ती म्हणाली.

अण्णांनी फॉर्म्यावर पहिला टर्न घातला आणि मी बस पकडायला पळाले.